अस्वस्थतेचा पत्ता

ही वही एका कलाप्रकल्पाच्या तयारीची आहे. विषय माणसाच्या इंद्रियांचा आणि त्यांना होणाऱ्या त्रासाचा; जागा भंडारा जिल्ह्यातली पवनी. वहीत टिपणे आहेत, रेखाटने आहेत, टिपलेल्या आवाजांच्या याद्या आहेत, माणसांशी झालेली बोलणी आहेत आणि मांडणीचे कच्चे आराखडे आहेत. प्रत्यक्ष मांडणी अजून उभी राहायची आहे. अर्ध्या वाटेवरच्या कामाला एवढी लांब प्रस्तावना कशासाठी, असे कुणी विचारेल. अशा कामाचे बरेवाईट मांडणीच्या दिवशी ठरत नाही, ते त्याआधीच ठरून गेलेले असते. कोणाचा त्रास घ्यायचा, कोणाला विचारून घ्यायचा आणि तो पाहणाऱ्यापर्यंत कसा न्यायचा, हे प्रश्न पहिला खिळा ठोकण्याआधी सुटले नाहीत तर पुढे कधीच सुटत नाहीत.

प्रेक्षकाला अस्वस्थ करायला फारसे काही लागत नाही. खोलीत काळोख करा, कानठळ्या बसतील असा आवाज लावा, वारा बंद करा. दोन मिनिटांत कुणीही कासावीस होईल. बाहेर आल्यावर तो म्हणेल, भारी अनुभव होता, आणि चहाच्या टपरीकडे वळेल. त्याच्या शरीराला त्रास झाला, पण तो त्रास कोणाचा होता, कुठून आला, याचा त्याला पत्ता लागला नाही. असे निनावी त्रास आम्हाला नको आहेत. या प्रकल्पात जी जी अस्वस्थता येईल तिला पत्ता असला पाहिजे: अमुक कामाची, अमुक ठिकाणची, अमुक माणसांच्या अंगावरची. या वहीतले बाकी सगळे या एका आग्रहातून आले आहे.

पवनीत त्रास निर्माण करण्याची गरजही नाही. तो इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि अंगवळणी पडला आहे. मिरचीपासून सुरुवात करू.

पवनीहून नागपूरच्या दिशेने निघाले की भिवापूर लागते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की मिरचीचे सातरे लागतात. वाळत घातलेल्या लाल मिरचीचे ढीग आणि त्याभोवती ओळीने बसलेल्या बाया, हे सातऱ्याचे रूप. आसपासच्या गावांतून त्या सकाळीच येतात. काम एकच, देठ खुडायचा. डाव्या हातात मिरची, उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट देठाच्या बुडाशी, एक हलका पीळ, देठ एका बाजूला आणि मिरची दुसऱ्या बाजूला. हात थांबत नाही, कारण मजुरी किलोवर मिळते. तोंडाला पदर किंवा दुपट्टा घट्ट बांधलेला, डोळे तेवढे उघडे. मधूनच कुणाला ठसका लागतो, मग दुसरीला, आणि तो ओळीतून सरकत जातो. डोळा चुरचुरला तरी बोटाने पुसायचा नाही, मनगटाच्या मागच्या बाजूने किंवा दंडाने पुसायचा, हे नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. दिवसाच्या शेवटी हात पाण्याने कितीही धुतले तरी आग जात नाही. मिरचीतला झणका पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून घरी जाऊन आधी हाताला तेल चोळायचे, मग साबण लावायचा आणि त्यानंतरच लेकराला जवळ घ्यायचे.

या बायांना विचारले की त्रास होत नाही का, तर उत्तर ठरलेले मिळते: आता सवय झाली जी. आमच्या विषयाची गाठ इथेच आहे.

तिखट ही जिभेच्या दृष्टीने चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू यांची दखल घेणाऱ्या पेशी वेगळ्या आणि मिरचीची दखल घेणारी व्यवस्था वेगळी. ही दुसरी व्यवस्था वेदनेची आहे. मिरचीतले कॅप्सेसिन चेतातंतूंच्या टोकांवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला चेतवते. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९९७ साली हा ग्राहक शोधून काढला. आज त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेलाही हाच ग्राहक जागा होतो. म्हणजे सातऱ्यावरच्या बाईच्या हाताची कातडी भाजत नसली तरी मेंदूला मिळणारी भाजल्याची वर्दी खरीच असते. विदर्भाच्या मे महिन्यात, जेव्हा हवाच पंचेचाळीसच्या पुढे जाते, तेव्हा मिरची आणि ऊन एकाच दारावर धडका देत असतात. ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्यासोबत ते अर्डेम पटापुटियन यांनाही मिळाले. दाब आणि स्पर्श शरीराला कसे कळतात, हे त्यांनी शोधले होते.

याच संशोधनात सवयीचाही खुलासा आहे. कॅप्सेसिनचा मारा होत राहिला की तो ग्राहक हळूहळू प्रतिसाद देईनासा होतो. सांधेदुखीवर आणि चेतातंतूंच्या दुखण्यावर मिरचीच्या अर्काची मलमे चालतात ती याच गुणामुळे. म्हणून सवय झाली जी, हे उत्तर खोटे नाही, ते शरीरातूनच आलेले आहे. मात्र त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. जाणीव बोथट झाली म्हणजे छातीत जाणारी धूळ थांबली असे नाही, मजुरी वाढली असे नाही, तोंडाला बांधायला धड मुखपट्टी मिळाली असेही नाही. सवय त्रासाची वर्दी बंद करते. त्रास मात्र जिथल्या तिथे राहतो. सवय झालेल्या माणसाने तक्रार केली नाही म्हणून बाकीचे निश्चिंत राहतात. या निश्चिंतीला धक्का देणे हे आमच्या कामाचे प्रयोजन आहे.

दुसरे टिपण मागाचे आहे. पवनी हे जुने कोष्ट्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरात पवनीची ओळख रेशीमकाठी सुती कापडाने करून दिलेली आहे आणि इथे फार बारीक सूत विणले जाते, असे नमूद केले आहे. आता हातमाग थोडे राहिले आहेत. खड्डा मागावर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाखाली पावड्या, हातात धोट्याची दोरी, समोर फणी आणि ताणलेला ताणा. जमिनीलगतची ओल सुताला मानवते, धागा कमी तुटतो. पण जी ओल सुताला मानवते ती गुडघ्यांना मानवत नाही. धागा तुटला की डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळते, कारण ताण बदलतो. हे कळणे इतके सूक्ष्म असते की ते शब्दांत सांगायला विणकराला थांबून विचार करावा लागतो. इंद्रियांवरच्या कामात आपण त्रासाकडेच पाहत राहिलो तर हे कौशल्य नजरेतून सुटते. ज्या बोटांना मिरचीची आग सोसावी लागते आणि ज्या बोटांना धाग्याचा ताण कळतो ती एकाच मोहल्ल्यातली, कधी एकाच घरातली असू शकतात. म्हणून वहीत मिरचीच्या टिपणासमोरच्या पानावर मागाचे टिपण लावले आहे. त्रास सोसणारे शरीर जाणकारही असते, हे विसरले तर सगळे काम दयेवर येऊन थांबेल, आणि दया आम्हाला नको आहे.

तिसरे टिपण नदीचे. पवनीला तीन बाजूंनी जुना परकोट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. घाट, देवळे, स्नाने यांमुळे लोक या गावाला विदर्भाची काशी म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला, याच तालुक्यात, गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात किती दरवाजे किती उघडले, याची बातमी इथे भावकीतल्या बातमीसारखी घरोघर पोचते. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचा काठ झोडपला. त्यानंतर नदीकाठच्या माणसांचा कान वेगळा झाला आहे. रात्री पाण्याचा आवाज बदलला की झोप मोडते. हे भित्रेपण नव्हे. शरीराने अनुभवातून घेतलेले हे शिक्षण आहे.

धरणाच्या वरच्या बाजूला प्रश्न नाकाचा आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येऊन गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. दुर्गंधीच्या बाबतीत नाक फार लवकर थकते. एकाच वासात काही मिनिटे राहिले की तो वास जाणवेनासा होतो. काठावर राहणाऱ्याला वास येत नाही आणि पाहुणा नाकाला रुमाल लावतो, यात काठावरच्याची सहनशीलता कमी आणि नाकाची रचना जास्त आहे. धरणाच्या पुनर्वसनात नव्या गावठाणात गेलेली माणसे मात्र वेगळ्याच गोष्टी सांगतात. हातपंपाच्या पाण्याला नदीची चव नाही. घरे सरळ रेषेत आहेत, त्यामुळे वारा ओळखीच्या दिशेने येत नाही. संध्याकाळी गुरांच्या परतण्याचा आवाज नाही. नुकसानभरपाईच्या कोणत्याही कागदात या गोष्टींचा रकाना नसतो. तो रकाना आम्ही वहीत काढला आहे.

चौथे टिपण सगळ्यात जुने. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. टेकडीखाली मोठा बौद्ध स्तूप निघाला, त्याच्या वेदिकेचे कोरीव खांब निघाले, ब्राह्मी लिपीतले दानलेख निघाले. याच टेकडीवरचा एक वेदिकास्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. त्यावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. संबोधीनंतर बुद्ध ध्यानाला बसले असताना सात दिवस वादळी पाऊस झाला आणि मुचलिंदाने आपला फणा त्यांच्यावर धरला, ही ती कथा. त्या काळच्या शिल्पकारांनी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवले नाही. फण्याखाली आहे ते आसन, आणि आसनावर कुणी नाही.

या प्रकल्पाच्या दृष्टीने तो खांब म्हणजे आमचा पहिला गुरू आहे. पाऊस, थंडी, भिजणारे अंग, यातले काहीही शिल्पकाराने दाखवले नाही. आसन रिकामे ठेवले आणि वर फणा कोरला. पाहणाऱ्याला थंडी आपल्या अंगावर आणावी लागते. शिवाय बौद्ध विचारात सहा इंद्रिये मानली आहेत. डोळा, कान, नाक, जीभ आणि काया यांच्या जोडीला मन. इंद्रिय आणि विषय यांचा स्पर्श झाला की संवेदना उपजते. ती सुखद असते, दुःखद असते किंवा दोन्ही नसते, आणि दुःखद संवेदनेपासून पळण्याआधी तिच्याकडे पाहता येते. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून चाललेल्या विपश्यना शिबिरांत साधक तासभर न हलता बसतात ते याच पाहण्यासाठी. पवनीजवळच्या रुयाडला २००७ साली महास्तूप उभा राहिला, तिथे दरवर्षी हजारोंनी लोक येतात. म्हणजे या मातीत इंद्रियांचा आणि दुःखाचा विचार परका नाही. तो बाहेरून आणावा लागत नाही.

तरीही बाहेर काय झाले ते पाहिले पाहिजे, कारण तिथून इशारे मिळतात. १९७४ साली नेपल्समध्ये मरिना अब्रामोविच सहा तास स्वस्थ उभी राहिली. टेबलावर ७२ वस्तू होत्या. त्यांत फूल होते, तसेच पिस्तूल आणि गोळीही होती, आणि लोकांना तिच्याशी हवे ते करायची मुभा होती. वेळ गेला तशी माणसे धीट झाली, तिचे कपडे कापले गेले, तिला जखमा झाल्या. त्या प्रयोगाचे मोल मोठे आहे. पण तिथे धोका पत्करणारी स्वतः कलावंत होती. सातऱ्यावरच्या बाईला किंवा विणकराला आम्ही तसे प्रदर्शनात उभे करू शकत नाही. आपल्याकडे पोतराज शतकानुशतके स्वतःच्या अंगावर आसूड ओढत आला. त्या आवाजाने लोक गोळा होतात, सुपात धान्य पडते. त्याच्या पाठीवरचे वळ पाहणाऱ्यांची करमणूक होतात आणि त्याचे पोट भरतात. दुसऱ्याच्या वेदनेकडे पाहण्याची किंमत कोण देतो आणि कोणाला मिळते, हा प्रश्न त्या आसुडातच आहे. आमच्या कामालाही तो लागू आहे.

आम्हाला जवळचे वाटले ते दोन दाखले. कोची-मुझिरिस बिएनालेच्या २०१६ च्या आवृत्तीत, सुदर्शन शेट्टी यांच्या संयोजनाखाली, चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी एका जुन्या गोदामात समुद्राचे पाणी भरले होते. पलीकडच्या भिंतीवरचे शब्द वाचायचे तर पाण्यातून चालत जावे लागे. ते काम समुद्रात बुडून मेलेल्या गालिप कुर्दी या सीरियन मुलाला अर्पण केलेले होते. पाय ओले झाल्याशिवाय नाव कळत नव्हते. त्या ओलीला पत्ता होता. दुसरा दाखला घराजवळचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळशाच्या खाणीत राबलेल्या घरातून आले. त्यांनी कोळशानेच भिंतींवर मजुरांची शरीरे काढली, डोक्याच्या जागी अवजारे असलेली. ज्या काळ्या रंगात घर राबले तोच त्यांनी रेषेसाठी निवडला. मोठी रंगसामग्री मागवण्याआधी आपल्या गावात काय पडले आहे ते पाहा, हा त्यांच्या कामातून मिळणारा धडा आम्ही घेतला आहे.

यातून काही नियम ठरले. पहिला, कोणताही त्रास नक्कल करून दाखवायचा नाही. मिरचीची पूड हवेत उडवून प्रेक्षकाला खोकायला लावणे सोपे आहे, पण दम्याच्या माणसासाठी ते जिवावर बेतू शकते आणि सातऱ्यावरच्या बाईबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी देठ खुडण्याची एक जागा असेल. प्रेक्षकाने बसायचे, ठरलेले वजन होईपर्यंत खुडायचे आणि त्या वजनाची खरी मजुरी हातावर घ्यायची. हातमोजे आणि तेल शेजारी ठेवलेले असेल, कधीही उठायची मुभा असेल. दुसरा नियम, दारावरच स्पष्ट सांगायचे की आत काय आहे. संमती दोन्ही बाजूंची हवी: ज्याचा अनुभव दाखवला जातो त्याची आणि ज्याच्यावर तो येऊन आदळतो त्याचीही. तिसरा, ज्यांच्या हातांचे, आवाजांचे, आठवणींचे ठसे वापरले त्यांना मानधन द्यायचे आणि अंतिम रूप त्यांना आधी दाखवायचे. त्यांनी एखादा भाग काढा म्हटले तर तो काढायचा. चौथा, मांडणी आधी पवनीत होईल. इथल्या लोकांनी ती पाहिल्याशिवाय ती नागपूर-मुंबईला जाणार नाही.

हे नियम कलेचे हात बांधतात, असा आक्षेप येईल. येऊ द्या. बांधलेल्या हातांनीही विणता येते. खड्डा मागावरचा माणूस तेच करतो; खड्ड्याची लांबी-रुंदी, पायाचा ताल आणि ताण्याची शिस्त या मर्यादांतच त्याचे बारीक काम उभे राहते. उलट नियम नसलेली अस्वस्थता फार लवकर शोभेची वस्तू होते. आज शहरांत अनुभवाचे तिकीट विकणाऱ्या खोल्या निघाल्या आहेत. आमचे काम त्या रांगेत बसू नये, यासाठी आम्ही काळजी घेत आहोत.

वाचकांना एक विनंती. या वहीत काही पाने मुद्दाम मोकळी ठेवली आहेत. पवनी, भिवापूर, आंभोरा, लाखांदूर, कुठलेही असाल, आपल्या अंगवळणी पडलेला एक त्रास तिथे लिहा: कोणत्या इंद्रियाला होतो, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या कामामुळे आणि तो कमी करणे कोणाच्या हातात आहे. शेवटचा प्रश्न वगळू नका. इंद्रियांचा अभ्यास म्हणून सुरू झालेले काम त्या चौथ्या उत्तराने पुढे सरकते. मुखपट्टी द्यायची जबाबदारी कोणाची, सांडपाणी शुद्ध करायची कोणाची, मागाच्या खोलीला उजेड आणि कोरडी बैठक द्यायची कोणाची, हे लिहिले गेले की त्रासाला पत्ता मिळतो. पत्ता मिळाला की दार वाजवता येते. हा प्रकल्प त्या दारापर्यंत जाण्यासाठी आहे, आणि तिथपर्यंत आम्हाला एकट्याने जायचे नाही.